बांगडी आमची, हात आमचा

वर्षावास सुरू होता. रविवारची दुपार. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन आटोपले होते, सतरंज्या गोळा करायच्या राहिल्या होत्या आणि बाहेर पाऊस एवढा की कुणी उठायला तयार नव्हते. चहा आला. बोलता बोलता एका काकींनी कपाळाला हात लावून नेहमीचे वाक्य टाकले, "पुढचा जन्म बाईचा नको गं बाई!" चार घरची भांडी घासून त्यांच्या बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असतात. त्यामुळे वाक्य काही उगाच नव्हते. पण बारावीतली एक पोरगी फटकन म्हणाली, "काकी, आपण कुठं पुढचा जन्म मानतो? आत्माच नाही तर जन्म कुणाचा? आपला नवा जन्म एकदाच झाला, चौदा ऑक्टोबर छप्पनला. आता जे बोलायचं ते याच जन्माचं बोला. बाई असण्यातलं तुम्हाला काय आवडतं, ते सांगा."

सगळ्या गप्प! खरे सांगायचे तर आम्ही लाजलो. हुंडा, दारू, मारझोड, पाण्याचा नळ, रेशनचा तांदूळ यांवर आम्हांला तासन्‌तास बोलता येते. भाषणेही करता येतात. पण बाई असण्यात काही आवडण्यासारखे असते, हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. एकीने तर तोंडाला पदर लावला. आवडते म्हणावे तर चारजणी काय म्हणतील, आणि नाही म्हणावे तर पोरी समोर बसलेल्या.

शेवटी सगळ्यांत म्हाताऱ्या आजींनी तोंड उघडले. त्या म्हणाल्या, "मला जात्यावर बसायला आवडायचं. दळण नव्हे गं, दळणानं छाती भरून यायची. पण पहाटेच्या अंधारात समोरासमोर दोघी बसलो की मनातलं सगळं बाहेर यायचं. सासूचं, नवऱ्याचं, भीमाचं." आजींचे म्हणणे खोटे नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या जात्यावरच्या ओव्या १९९६ साली संशोधकांनी टेपवर उतरवून घेतल्या आहेत. त्या बाया कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या. बाबासाहेब त्यांच्या ओवीत कधी भाऊ होऊन येतात तर कधी बाप होऊन. पुरुषांनी जलसे केले, शाहिरी केली आणि त्यांची नावे झाली. बायांचे गाणे पिठाबरोबर टोपलीत गेले. तरी गाताना जे सुख व्हायचे ते त्यांचे स्वतःचे होते.

आजींनी वाट काढून दिल्यावर मग एकेकीला धीर आला. रस्ता झाडण्याच्या कामावर असणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "ड्युटीवरून आले की डोक्यावरनं अंघोळ करते. शिकेकाई लावून केस धुते आणि दारात उन्हाला बसून पाच-दहा मिनिटं विंचरते. तेवढा वेळ मी कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही अन् कामगार पण नाही. नुसती बाई." दुसरीला बाळंतिणीच्या खोलीतला वास आवडतो, शेपा, ओवा, धुरी आणि तान्ह्या टाळूला चोळलेले तेल. तिसरीला लोकलचा लेडीज डबा. तिथे मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, कुणाच्या सुनेचे गाऱ्हाणे सगळा डबा ऐकतो, आणि चौदा एप्रिलच्या आठवड्यात आमच्या बाया टाळ्यांवर भीमगीतेही म्हणतात. त्या डब्यात बाईला हसताना तोंड झाकावे लागत नाही, हे तिचे म्हणणे. एकीने सरळ सांगितले, "मला काहीच आवडत नाही. खोटं कशाला बोलू?" तिलाही आम्ही चहा दिला आणि तिच्या म्हणण्यावर कुणी वाद घातला नाही.

घरी आल्यावरही तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. आम्ही एवढ्या का लाजलो?

एक कारण आमच्या आज्या-पणज्यांच्या अंगावर होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी लिहून ठेवले आहे की त्यांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत आणि दागिने लोखंडाचे घालावेत. दागिना कोणत्या धातूचा असावा हेसुद्धा पोथीत! गावगाड्यात हे नियम वेगवेगळ्या रूपांनी चालत आले. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या आत्मकथनात सांगितले आहे की महाराच्या बाईने लुगडे नेसताना काठ दिसू द्यायचे नाहीत. निऱ्या अशा खोचायच्या की काठ आत दडला पाहिजे. काठ मिरवायचा तो वरच्या जातींच्या बायांनी. म्हणजे लुगडे तिच्या घामाच्या पैशाचे, काठ त्याच लुगड्याचा, पण तो तिच्याच अंगावर लपलेला. अशा बाईला नटण्याची हौस नसेल काय? होती. पण हौस केली की मार होता, म्हणून हौसेलाच गुन्हा समजायची सवय लागली. ही सवय तीन पिढ्यांनी जात नाही, हे त्या दुपारी आम्हांला विहारात कळले.

म्हणूनच महाडची आठवण आम्हांला वेगळी वाटते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली, हे आमच्या लहान पोरांनाही पाठ आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, त्याची चर्चा आपल्याकडे कमी होते. लुगडे गुडघ्यापर्यंत वर नेसू नका, पायघोळ नेसा. एका गळसरीवर दुसरी गळसरी, कोपरापर्यंत कथलाचे आणि चांदीचे गोट, ही तुमची अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका. घालायचाच तर एखादा चांगला सोन्याचा दागिना घाला, नाहीतर घालूच नका. स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. अशा अर्थाचे ते बोलणे होते. बायांनी ते मनावर घेतले आणि तिथल्या तिथे लुगडी नव्या रीतीने नेसायला सुरुवात केली. कसे नेसायचे ते दाखवायला टिपणीस, चित्रे अशा कायस्थ घरांतल्या बाया पुढे आल्या, असे सांगतात. केवढा प्रसंग आहे हा! शेकडो वर्षे दडवलेला काठ त्या दिवशी उजेडात आला. आमच्या मते चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्याइतकीच ती नेसण मोलाची होती.

पण या भाषणाचा आपल्याकडे एक उलटा अर्थ लावला जातो, त्याबद्दल थोडे बोलायलाच हवे. मागे एका कार्यक्रमात आमच्या मंडळातल्या मुली जरा नटून आल्या. लिपस्टिक होती, केसांत मोगऱ्याचा गजरा होता. एका कार्यकर्त्या बंधूंनी माईकवरूनच सुनावले, बाबासाहेबांनी दागिने घालू नका म्हणून सांगितले होते, तुम्ही चळवळ विसरलात. मुलींची तोंडे उतरली. गंमत अशी की बंधूंच्या बोटात दोन अंगठ्या होत्या आणि गळ्यात साखळी. बाबासाहेबांनी जे टाकायला सांगितले ती गुलामीची खूण होती. हौस टाका असे त्यांनी सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही. ते स्वतः टापटिपीत राहत, उत्तम सूट घालत, चांगले पेन आणि चांगली पुस्तके यांचा त्यांना सोस होता. ज्या माणसाला नेटकेपणाचे मोल कळत होते, तो आमच्या पोरींच्या गजऱ्यावर रागावला असता असे आम्हांला वाटत नाही. एवढा गजरा घेण्यापेक्षा पुस्तक घे, असे कदाचित म्हणाला असता. त्यावर आमच्या पोरींनी दोन्ही घेतले असते.

आणि माता रमाई? बाबासाहेब विलायतेहून परत आले तेव्हा त्यांना भेटायला जायला रमाईकडे धड लुगडे नव्हते. शाहू महाराजांनी बाबासाहेबांना दिलेला जरीचा फेटा नेसून ती माउली गेली, असे आपल्या घराघरांत सांगतात. ही गोष्ट सांगताना आपण डोळ्यांना पदर लावतो, दारिद्र्याची गोष्ट म्हणून. पण आमच्या मंडळातल्या एका सुनेने त्यातले दुसरेच दाखवले. ती म्हणाली, "लुगडं नाही म्हणून ती घरात नाही बसली. नवऱ्याला भेटायला जायचं म्हणून तिनं जरीचं शोधून काढलं! केवढी हौशी असेल!" आम्ही एवढी वर्षे ही गोष्ट ऐकतो, पण रमाईला हौस असेल हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

आता धम्माचे बघू. काहींना वाटते, बौद्ध धम्म म्हणजे विरक्ती, तिथे बाईपणाचा आनंद कुठला. कोसलचा राजा पसेनदी तथागतांजवळ बसला असताना मल्लिका राणीला मुलगी झाल्याची बातमी आली आणि राजाचे तोंड पडले. तेव्हा भगवंतांनी त्याला समजावले की मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते. हा प्रसंग संयुत्त निकायात आहे. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये 'महाबोधी' मासिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर इंग्रजी लेख लिहिला, त्यात स्त्रियांच्या अवनतीचा दोष बुद्धावर ठेवणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी याच प्रसंगाचा दाखला दिला आहे. ज्या घरात दुसरी मुलगी झाल्यावर पेढ्यांऐवजी नुसते "असू दे" म्हणतात, त्या घरात हा प्रसंग वाचून दाखवावा. अशी घरे आपल्यातही आहेत. आपले म्हणून झाकायचे कशाला?

थेरीगाथेतली सोमा थेरीची गोष्ट तर आमच्या स्वयंपाकघरातलीच आहे. त्या ग्रंथात ७३ थेरींच्या गाथा आहेत. त्यांत राजघराण्यातल्या आहेत, दासी आहेत, गणिकाही आहेत. सोमा ध्यानाला बसली असता मार येतो आणि तिला हिणवतो, की ऋषींना जे अवघड ते तुझ्यासारख्या दोन बोटांच्या अकलेच्या बाईला कसे मिळणार? ही 'दोन बोटांची अक्कल' म्हणजे काय, ते अट्ठकथेत सांगितले आहे. बाई सात-आठ वर्षांची असल्यापासून भात रांधते, तरी तो शिजला की नाही ते शीत दोन बोटांत चेपून पाहिल्याशिवाय तिला कळत नाही, म्हणून म्हणे ती अक्कल दोन बोटांची. सोमा त्याला शांतपणे उत्तर देते : चित्त स्थिर आहे, ज्ञान होते आहे, तिथे बाई असण्याचा काय संबंध?

हे वाचले तेव्हा मंडळात हशा पिकला. भांडी घासणाऱ्या काकी म्हणाल्या, "मेल्याला भात रांधता येत नव्हता वाटतं! चेपल्याशिवाय कळतं का कुणाला?" आणि खरेच, रेशनचा तांदूळ एक दिवस जुना निघतो, एक दिवस नवा. एकाला पाणी जास्त लागते, एकाचा गिचका होतो. घड्याळ लावून तो शिजत नाही. शितावरून भाताची परीक्षा ही बायांनी हजारो वेळा रांधून कमावलेली विद्या आहे. जिला माराने टोमणा केले, तीच आमच्यातल्या कित्येकींच्या अभिमानाची गोष्ट आहे. सोमा थेरीला मुक्ती बाई म्हणून मिळाली नाही की बाई असून मिळाली नाही. तिथे तो प्रश्नच उरला नव्हता. आम्ही काही थेरी नाही. आम्हांला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. पण दिवसात कधीतरी, केस विंचरताना, गाताना, लेकराला पाजताना तेवढा वेळ आपण कमी आहोत हा विचार डोक्यात नसतो. आमच्यापुरता बाईपणाचा आनंद तो.

अर्थात त्याला पोटाची आणि शरीराची सोय लागते. जिला कामावर मोरी-संडासाची सोय नाही म्हणून ती सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही, तिला बाई असण्यातले सुख विचारणे म्हणजे थट्टा. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तिथे बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एका बायकोवर दुसरी करण्याला विरोध केला आणि गिरणीत, विडी कारखान्यात, रेल्वेत, म्युनिसिपालिटीत राबणाऱ्या बायांसाठी सुट्ट्या आणि पेन्शन मागितली. बाबासाहेबांनी तिथे बायांना सांगितले की नवऱ्याशी मैत्रीण म्हणून वागा, गुलाम म्हणून नको. २०१७ पासून कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली आहे, पण लोकांच्या घरी धुणी-भांडी करणारी आमची काकी त्या कायद्यात बसत नाही. तिची नात झाली तेव्हा सून सव्वा महिन्यात कामाला लागली. सुनेला तिचे बाळ डोळे भरून पाहायला मिळाले नाही, ते कोण भरून देणार?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. त्या दिवशी विहारात एक मावशी शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षे झाली. घर बौद्ध, जलदान विधीला भन्तेजी आले होते, त्रिसरण-पंचशील झाले. पण त्याआधी, प्रेत उठायच्या वेळी, नात्यातल्याच बायांनी मावशींना धरून त्यांच्या बांगड्या फोडल्या. काच मनगटात घुसली. त्याची खूण अजून आहे. दीक्षेनंतर इतक्या वर्षांनी! विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणणारे हात आणि बांगड्या फोडणारे हात वेगळे नव्हते. आमच्यातल्या दोघी-तिघी तिथे हजर होत्या आणि आम्ही काही बोललो नाही, हेही इथे लिहून ठेवले पाहिजे.

चहाचे कप गोळा होत असताना मावशी म्हणाल्या, "मला बांगड्या आवडायच्या. आवाज आवडायचा. भाकरी थापताना वाजायच्या ना, त्यानं मला सोबत वाटायची." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी पाच वर्षांची होते. माझ्या बापानं जत्रेतून मला बांगड्या आणल्या. तेव्हा माझा नवरा कुठं होता? त्यानं दिल्या नाहीत, तर त्याच्या जाण्यानं त्या कशा गेल्या?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र काढायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करण्यास परिपत्रकाने सांगितले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या घरात सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागावी, याची आम्हांला लाज वाटली.

मंडळात यावर पुष्कळ भांडण झाले. एका आजींचे म्हणणे, बांगड्या हीच बेडी आहे, सगळ्यांनीच काढून टाकाव्यात, सधवांनीसुद्धा. त्या स्वतः चाळीस वर्षे कारखान्यात मशीनवर होत्या. हातात काही घालायचे नाही ही तिथली शिस्त, आणि त्यांना मोकळे हात आवडतात. "माझे हात बघा, किती छान दिसतात," असे म्हणून त्यांनी दाखवले आणि खरेच छान दिसत होते. टिकलीचा प्रश्न निघाला, त्यावर तर दोन तट पडले. ज्या लावतात त्या म्हणतात टिकली शोभेची आहे, ज्या लावत नाहीत त्या म्हणतात ती कुंकवाचीच पोर आहे. तो वाद अजून मिटलेला नाही आणि लवकर मिटेल असेही दिसत नाही. एवढे मात्र ठरले की यापुढे मंडळातल्या कुठल्याही घरी मयत झाली तर आमच्यातल्या चौघींनी त्या बाईच्या दोन्ही बाजूंना बसायचे आणि तिच्या हाताला कुणाला हात लावू द्यायचा नाही. पहिल्या वेळी वादावादी झाली. दुसऱ्या वेळी कुणी पुढे आले नाही.

मावशींसाठी आम्ही सत्कार वगैरे काही ठेवला नाही. कुणीतरी हार-तुऱ्यांची सूचना केली होती, ती त्यांनीच मोडून काढली. पुढच्या रविवारी वाचन लवकर संपवून आम्ही पाचजणी त्यांना बाजारात कासाराकडे घेऊन गेलो. हिरव्यांचा खोका पुढे आला तो मावशींनी बाजूला सारला. म्हणाल्या, "निळ्या दाखव." कासाराने माप विचारले. मावशी म्हणाल्या, सव्वादोन. लग्नापासून तेच माप होते. पण दोन वर्षांत हात निबर झाला होता, पहिलीच बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली. कासाराने साबणाचे पाणी लावून पाहिले, मनगटावरच्या त्या जुन्या जखमेपाशी तो थांबला, पण काही विचारले नाही. मग त्याने अडीचचे माप काढले. त्या मापात निळ्या चारच निघाल्या. राहिलेल्या दोन पिवळ्या घेतल्या.